शेऱ्याच्या रकान्यातील सतरा

२ फेब्रुवारी १९७१, मंगळवार. या दिवशी रामसर नावाच्या शहरात पाणथळ जागांच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार संमत झाला, आणि ओहोटीच्या वेळी सहा मीटरांहून खोल नसलेले समुद्राचे पाणीही त्यात पाणथळ जागा म्हणून धरले गेले. हे कोणालाही पडताळून पाहता येईल. त्याच दिवशी सकाळी सहा वाजता, त्या शहरापासून फार दूर, एका खाडीच्या मुखाशी असलेल्या धक्क्यावर बावीस वर्षांच्या एका मुलीने आपले पहिले वाचन नोंदवले: एक मीटर बारा. हे मात्र एकाच ठिकाणी पडताळता येते, आणि ते ठिकाण म्हणजे बंदर कार्यालयाच्या जिन्याखालचे लोखंडी कपाट. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नव्हता. त्या कराराबद्दल धक्क्यावर कोणी ऐकले असल्याचा पुरावा पुढची सोळा वर्षे सापडत नाही.

कपाटात एकूण बेचाळीस वह्या आहेत. त्यांतल्या छत्तीस वह्यांवर एकाच हाताचे अक्षर आहे: बारीक, उभे, खाडाखोड नसलेले. ते अक्षर जिचे, तिला कार्यालयात सगळे ‘पट्टीबाई’ म्हणत. पुढे ‘निरंकबाई’ म्हणू लागले. दुसरे नाव पडण्याचे कारण हेच या लेखाचे कारण आहे.

काम सांगायला सोपे होते. धक्क्याच्या भिंतीला एक लाकडी पट्टी उभी ठोकलेली असे आणि तिच्यावर आकडे रंगवलेले असत. पाणी ज्या आकड्याला टेकले असेल तो दर तासाला, आणि उधाणाच्या दिवशी भरतीच्या अर्धा तास आधी व ऐन भरतीलाही, वाचायचा आणि वहीत उतरवायचा. वहीला सहा रकाने: तारीख, वेळ, वाचन, वारा, सही आणि शेरा. पट्टीचे शून्य कुठे असावे हे धक्क्याच्या तिसऱ्या पायरीवर छिन्नीने कोरलेल्या एका बाणावरून ठरे. बाण हलत नाही. पट्ट्या कुजतात, मोडतात, बदलतात. म्हणून पट्टी बदलली की ती बाणाशी ताडून बसवायची, हा या धंद्यातला पहिला धडा. दुसरा धडा असा, की जे दिसते ते लिहायचे. जे वाटते ते लिहायचे नाही.

पट्टीबाई थोरल्या भावाच्या घरात राहत. भाऊ खाडीतल्या चिखलपट्टीवर शिंपले काढी. धक्क्याच्या उत्तरेला खारफुटीची झाडे, त्यांच्यापुढे मोकळा चिखल, आणि त्यावर उधाणाच्या भरतीला गुडघाभर पाणी. पाणी ओसरले की तो अनवाणी आत शिरे, पायाच्या अंगठ्याने शिंपला चाचपी आणि टोपली भरून बाहेर येई. कुठे पाय टाकला तर रुततो आणि कुठे टाकला तर तरतो, हे त्याच्या तळपायांना ठाऊक होते, असे त्याची बायको सांगते. ती आज शहात्तर वर्षांची आहे. या लेखातील घरगुती माहितीची ती एकमेव साक्षीदार असल्यामुळे तिचे शब्द जपून वापरले आहेत.

नोव्हेंबर १९७८ मध्ये गाळाने भरलेला एक पडाव, म्हणजे मोठी सपाट होडी, धक्क्यावर आदळला आणि जुनी पट्टी मोडली. नवी बसवायला बंदर कार्यालयाचे अभियंता जातीने आले. त्यांना सगळे ‘साहेब’ म्हणत आणि इथेही तेच म्हणणे सोयीचे आहे. पट्टी ठोकणारा गवंडी हयात आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणे संभाषण असे झाले.

“साहेब, ही बाणापासून सत्तेचाळीस सेंटिमीटर वर बसतेय,” पट्टीबाई म्हणाल्या.

“बाई, तुमचं काम वाचायचं. बसवायचं नाही.”

“वर बसली तर वाचन सत्तेचाळीसनं कमी येईल. पाणी तेवढंच, आकडा कमी.”

“मग पाण्याला सांगा जरा वर यायला,” साहेब हसून म्हणाले. गवंडीही हसला. त्या हसण्याची त्याला अजून लाज वाटते, असे त्याने न विचारता सांगितले.

“ठीक आहे. मी शेऱ्यात लिहिते, शून्य सत्तेचाळीस वर.”

“शेऱ्यात काही लिहायचं नाही.”

“तसं लेखी द्या.”

साहेबांनी दिले. तो कागद कपाटात आहे, दिनांक १४ नोव्हेंबर १९७८, सही आणि शिक्क्यासह: ‘नवीन पट्टीच्या शून्याबाबत शेरा रकान्यात अथवा पत्रव्यवहारात कोणतीही नोंद करू नये. शेरा: निरंक, असे लिहावे.’ निरंक म्हणजे काही नाही. कार्यालयांत हा शब्द दिवसाला शंभरदा वापरला जातो आणि कोणी त्याच्याकडे वळून पाहत नाही. पट्टीबाईंनी त्याकडे पाहिले. त्या दिवसापासून प्रत्येक पानावर, प्रत्येक वाचनासमोर त्यांनी तो शब्द पूर्ण लिहिला आहे. आडवी रेघ किंवा खालीवर टिंबे कुठेही नाहीत.

साहेबांना सत्तेचाळीस सेंटिमीटर कशाला हवे होते, हे पुढच्या वर्षीच्या फाइलवरून कळते. नियम असा होता, की भरतीचे पाणी पोहोचते ती जमीन खाडीची, तिला हात लावायचा नाही. पाणी पोहोचत नाही ती पडीक, तिच्यावर भराव घालता येतो. नियम चांगला होता. तो एका लाकडी पट्टीवर उभा होता एवढाच त्याचा दोष. नव्या वाचनांनुसार उधाणाचे पाणी उत्तरेच्या दलदलीच्या अलीकडेच थांबत होते. खारफुटी, चिखलपट्टी, शिंपले, सगळे मिळून चौऱ्याऐंशी एकर कागदावर कोरडे झाले. फाइलवर साहेबांचे एक वाक्य आहे: ‘सदर जागा पडीक असून तिचा कोणासही उपयोग नाही.’

त्या सुमारास एके दिवशी दुपारी जेवताना भावाने विचारले होते, “अगं, तुझी पट्टी खोटं बोलायला लागली का? काल मी गुडघाभर पाण्यात होतो, आणि तुझ्या वहीत म्हणे पाणी आलंच नाही!”

“मी जे दिसतं ते लिहिते, दादा.”

“मग मी काय दिसत नव्हतो?”

वहिनी म्हणते, त्यावर सगळे हसले आणि पट्टीबाई हसल्या नाहीत.

१९८० मध्ये भराव सुरू झाला. खाडीच्या तळाचा गाळ यंत्राने उपसून नळाने दलदलीवर ओतला जाई. आधी खारफुटी कापली, मग तिच्या बुंध्यांवर तो करडा रबडा पसरला. वरून पाहणाऱ्याला जुना चिखल आणि नवा गाळ यांत फरक दिसत नसे. भावाला पहारेकऱ्याची नोकरी मिळाली, ज्या जमिनीत तो शिंपले काढी तिच्याच फाटकावर. ६ मे १९८१ रोजी सकाळी, ओहोटीच्या वेळी, तो फाटकावरून उठला आणि चपला काढून आत चालत गेला. का गेला, कोणी सांगू शकत नाही. बहुधा तीस वर्षांची सवय. त्याने जिथे पाय टाकला तिथे तीस वर्षे पाय तरला होता. आता तिथे तळच नव्हता. माणसे फळ्या घेऊन पोहोचेपर्यंत उशीर झाला.

साहेबांचा अहवाल दीड पानांचा आहे. त्यातले निर्णायक वाक्य: ‘मयत इसम पडीक जागेत विनापरवाना शिरल्याने दुर्घटना घडली.’ अहवालात त्या दिवशीचे वाचन, वारा आणि भरतीची वेळ भरावी लागते म्हणून तो नकलेसाठी पट्टीबाईंच्या टेबलावर आला. त्यांनी तो आपल्या हाताने उतरवला. नकलेत एकही चूक नाही. ‘पडीक’ या शब्दाखाली मात्र कागद लेखणीच्या टोकाने फाटला आहे.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात त्यांनी वहिनीला एकच वाक्य सांगितले. वहिनीच्या तोंडून ते असे आले आहे: “वहिनी, त्याच्या उंबऱ्याला पाणी लागल्याशिवाय मी ही वही खाली ठेवणार नाही.” वहिनीने विचारले, “वन्सं, कुणाचा उंबरा? त्याचं घर तर टेकडीवर आहे.” पट्टीबाई म्हणाल्या, “नकाशा बघितला मी. भराव झाला की एक नंबरचा भूखंड त्याचाच आहे. अगदी पाण्यासमोर. खाडी आवडते म्हणे त्याला.”

हे वाक्य खरोखर उच्चारले गेले का, याला वहिनीखेरीज पुरावा नाही. मात्र सेवापुस्तकातली एक नोंद त्याला पूरक आहे. १९८३ मध्ये पट्टीबाईंना बढतीसह मुख्य कार्यालयात बदली मिळाली. खुर्ची, पंखा, रविवारची सुट्टी. त्यांनी ‘कौटुंबिक कारणास्तव’ नकार दिला. कुटुंबात तेव्हा त्या आणि वहिनी दोघीच होत्या, आणि वहिनीला भरावावरच्या कामगारचाळीत खोली मिळाली होती.

आता साहेबांच्या हातून घडलेली चूक. अशी चूक कागदावर जगणाऱ्या माणसाकडूनच होऊ शकते. भरावाची फाइल बंद झाली की खोट्या शून्याचे काम संपणार होते. पट्टी पुन्हा बाणाशी जुळवून घेतली की झाले. पण तसा लेखी आदेश काढायचा, तर पट्टी आधी चुकीची होती हे लिहावे लागले असते. साहेबांनी पुढे झालेल्या चौकशीत सांगितले, की मार्च १९८२ मध्ये ‘कधीतरी’ त्यांनी दूरध्वनीवरून पट्टी पूर्ववत करण्यास कळवले होते. पट्टीबाईंनी सांगितले, असा दूरध्वनी आला नाही. कार्यालयाच्या दैनंदिनीनुसार त्या महिन्यात ९ ते २३ तारखेपर्यंत दूरध्वनी बंद होता. उरलेल्या सोळा दिवसांबद्दल दैनंदिनी काही बोलत नाही. एवढे निश्चित, की पट्टी जागची हलली नाही, आणि साहेब ती हलली असे धरून चालले.

नोव्हेंबर १९८४ मध्ये भरावावर होणाऱ्या वसाहतीचा आराखडा करणाऱ्या बाहेरगावच्या वास्तुकाराचे पत्र आले. त्याने मागच्या सहा वर्षांची वाचने मागवली होती आणि शेवटी सावध माणसासारखे विचारले होते: ‘पट्टीच्या शून्याबाबत काही शेरा असल्यास कळवावे.’ पत्र घेऊन हेडक्लार्क स्वतः धक्क्यावर आले. ते आज निवृत्त आहेत आणि हा प्रसंग ते थोडा रंगवून सांगतात. तरी पत्राच्या उत्तराशी तो जुळतो.

“बाई, मागे काहीतरी शून्याची भानगड होती ना?”

“साहेबांचा आदेश फाइलला आहे. वाचून बघा.”

“वाचला. म्हणजे निरंक लिहू?”

“निरंक.”

“अहो, वसाहत बांधतायत ते. नीट विचार करून सांगा.”

“सहा वर्षं विचार करतेय.”

हेडक्लार्क हसले. “बाई, तुम्हाला दुसरा शब्द येतच नाही का?”

“हा शब्द साहेबांनी दिलाय. जपून ठेवलाय मी.”

उत्तराची स्थळप्रत कपाटात आहे. एका ओळीची: ‘शेरा: निरंक.’ खाली हेडक्लार्कची सही, आणि कोपऱ्यात बारीक, उभ्या अक्षरात पट्टीबाईंची आद्याक्षरे.

वास्तुकाराने सहा वर्षांतले सर्वांत मोठे वाचन घेतले: तीन मीटर त्रेसष्ट. पट्टीचे शून्य बाणाशी जुळलेलेच आहे असे समजून त्याने बाणापासून ती उंची मोजली, रस्ते त्या पातळीला ठेवले आणि घरांचे उंबरे त्याच्यावर तीस सेंटिमीटर. खरे पाणी वहीतल्या पाण्यापेक्षा सत्तेचाळीसने वर होते. सत्तेचाळीसातून तीस वजा जाता सतरा उरतात. ही वजाबाकी पट्टीबाईंनी केली नसेल यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. त्यांनी ती केल्याचा कागद मात्र सापडलेला नाही.

बांधकाम चालू असताना खाडीच्या बाजूला मातीचा तात्पुरता बांध होता, त्यामुळे कोणाला काही जाणवले नाही. १९८६ अखेर साहेब निवृत्त झाले आणि एक नंबरच्या घरात राहायला आले. एप्रिल १९८७ मध्ये तो बांध काढला गेला. अर्ज खुद्द साहेबांचा आहे. कारण दिले आहे, ‘दर्शनी बाजूचे खाडीचे दृश्य अडते.’

२३ सप्टेंबर १९८७ रोजी अमावास्या होती. वर्षातले मोठे उधाण अशाच दिवसांत येते, आणि ते अमावास्येच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अधिक चढते. २४ तारखेला, गुरुवारी, सकाळी साडेआठ वाजता पट्टीबाई वहिनीच्या खोलीवर गेल्या. “आज माझ्याकडे जेवायला या. आणि शिलाईयंत्र पलंगावर चढवून ठेवा.”

“पलंगावर? का हो वन्सं?”

“झाडायला बरं.”

वहिनीने यंत्र चढवले. चाळीतल्या इतर सात खोल्यांना कोणी काही सांगितले नाही.

त्या दिवशी भरतीची वेळ बारा चाळीस होती. वहीप्रमाणे बारा वाजून दहा मिनिटांनी पट्टीबाईंनी पुढचे वाचन बदली वाचनिकावर सोपवले. सोळा वर्षांत भर पाळीत त्यांनी धक्का सोडल्याची ही एकच नोंद आहे. कोपऱ्यातली हातपट्टी, म्हणजे मीटरभर लांबीची लाकडी फूटपट्टीच, त्यांनी खांद्याला लावली आणि चालत वसाहतीत गेल्या. गटारांच्या जाळ्यांतून पाणी उलटे वर येत होते. रस्ते आधीच दिसेनासे झाले होते. पूर्वी हे पाणी खारफुटीत शिरे आणि चौऱ्याऐंशी एकरांत पसरून निवे. आता त्याला पसरायला रस्ते आणि घरे एवढेच उरले होते.

पुढचे संभाषण वसाहतीच्या माळ्याने ऐकले. तो तेव्हा साहेबांच्या कुंड्या ओट्यावरून वर उचलत होता.

साहेब दारात खुर्चीवर उभे होते. पट्टीबाई साडी गुडघ्यांपर्यंत खोचून पायऱ्या चढल्या आणि काही न बोलता हातपट्टी उंबऱ्यावर उभी धरली.

“बाई! हे काय चाललंय?”

“वाचन घेतेय, साहेब.”

“अहो, पाणी घरात येतंय!”

“नाही साहेब. ही पडीक जागा आहे. इथं पाणी पोहोचत नाही.”

माळी म्हणतो, साहेबांना समजायला पाणी वाटीभर चढेल इतका वेळ लागला. मग ते ओरडले, “पट्टी पूर्ववत करायला सांगितलं होतं मी तुला!”

“लेखी?”

साहेबांनी दाराची चौकट धरली.

“माझा भाऊ चपला काढून आत गेला होता,” पट्टीबाई म्हणाल्या. “तुम्ही खुर्चीवर चढलात. शहाणे आहात.” त्या वळल्या, तेव्हा माळ्याने विचारले, “बाई, किती आलं?” त्या तशाच धक्क्याकडे चालत गेल्या.

त्या दुपारी कोणी बुडाले नाही. साहेबांची पुस्तके, गालिचे आणि लाकडी जमीन गेली. पण चाळ साहेबांच्या घराहून खाली होती. तिथल्या सात खोल्यांत पाणी गुडघ्यांपर्यंत चढले. एकतीस माणसांनी तीन दिवस शाळेच्या वर्गात काढले. तेव्हा चाळीतच राहणारा माळी अजून म्हणतो, “बाईंचं वैर साहेबांशी, आणि बुडाल्या माझ्या कोंबड्या.” वहिनीने पुढे एकदा विचारले होते, की बाकीच्यांना का नाही सांगितले. उत्तर तिच्या पक्के लक्षात आहे. “सांगितलं असतं तर त्यांनी बांध परत घातला असता.” वहिनी त्यानंतर वर्षभर वन्संशी बोलली नाही.

चौकशी झाली. पट्टीबाईंनी १४ नोव्हेंबर १९७८ चा कागद टेबलावर ठेवला आणि प्रत्येक प्रश्नाला, कागदात आहे तसे वागले, एवढेच उत्तर दिले. त्यांच्यावर ठपका आला नाही. साहेबांच्या निवृत्तिवेतनात कपात झाली आणि ते गाव सोडून गेले. चौकशी समितीने घरांच्या पुढच्या दोन रांगा रिकाम्या करून भराव उतरवला, भराव अडवून धरणारी किनाऱ्याची भिंत तीन ठिकाणी फोडली आणि भरतीला आत येऊ दिले. १९७१ च्या त्या कराराचा उल्लेख या गावाच्या कागदांत प्रथम त्याच अहवालात येतो. नऊ वर्षांत खारफुटीची रोपे आपोआप आली. आज तिथे झाडांमधून एका घराचे जोते आणि दगडी उंबरा दिसतो. उंबऱ्यावर कालवे चिकटली आहेत. पट्टीबाई २००७ मध्ये निवृत्त झाल्या. त्यानंतर शेवटच्या आठ वर्षांत, चालता येत होते तोवर, त्या दर उधाणाला तो उंबरा पाहायला जात. बरोबर वहिनी असे.

एक गोष्ट राहते. २४ सप्टेंबर १९८७ च्या पानावर, बारा दहाच्या ओळीत, जवळजवळ नऊ वर्षांत प्रथमच शेऱ्याच्या रकान्यात ‘निरंक’ नाही. तिथे ‘१७’ एवढाच आकडा आहे. बारा चाळीसचे वाचन बदली वाचनिकाने घेतले: तीन मीटर एकसष्ट. म्हणजे पाणी विक्रमाहून दोन सेंटिमीटर कमी होते आणि उंबऱ्यावर ते पंधरा भरायला हवे होते. वाऱ्याच्या रकान्यात ‘पश्चिम, जोरदार’ असे आहे, आणि वारा घराच्या तोंडाशी पाणी दोन सेंटिमीटर फुगवू शकतो. तसे झाले असेल, तर पट्टीबाईंनी परत येऊन आपल्या शेवटच्या ओळीसमोर मोजलेला आकडा लिहिला. नसेल झाले, तर धक्का सोडण्यापूर्वी, पाणी चढायच्या आधीच, त्यांनी तो लिहून ठेवला होता. आणि जे दिसते तेच लिहायचे हा नियम छत्तीस वर्षांत त्यांनी त्या एका वेळी मोडला. शाई दोन्ही ओळींत एकच आहे. बदली वाचनिक हयात नाही. तो आकडा मोजलेला होता की मनात धरलेला, हे अद्याप कळलेले नाही.